ईलान वापरून पाहिलं: खान्देशातल्या गप्पा जशाच्या तशा लिहून ठेवायच्या असतील तर हेच घ्या

आधी निकाल सांगून टाकते, मग बाकीचं. ईलान (ELAN) म्हणजे रेकॉर्डिंग ऐकत-बघत त्यातलं बोलणं वेळेसकट लिहून काढायचं सॉफ्टवेअर. ते फुकट आहे, साध्या लॅपटॉपवर चालतं, देवनागरी नीट घेतं, आणि माणसं एकमेकांशी खरोखर कशी बोलतात हे ज्याला बघायचंय त्याच्यासाठी याच्या तोडीचं दुसरं काही माझ्या तरी हाताला लागलेलं नाही. पाचपैकी साडेचार स्टार. अर्धा का कापला ते पुढे येईलच.

मी अमळनेर-धुळे पट्ट्यातली, अहिराणी घरात बोलली जाते, आणि माझा अभ्यासाचा विषय म्हणजे दुकानात, ओट्यावर, एसटी स्टँडवर माणसं बोलतात ते बोलणं. म्हणजे अहिराणीतले जुने शब्द नाही, म्हणी नाही, तर बोलणं. एकाने विचारलं, दुसऱ्याने किती वेळाने उत्तर दिलं, कोण कुणाच्या बोलण्यात घुसलं, कुठे दोघं गप्प बसले आणि ती शांतता तोडली कुणी, असलं सगळं. लोकांना वाटतं यात काय अभ्यासायचं, सगळेच बोलतात, पण एकदा रेकॉर्डिंग ऐकत बसलात की कळतं की आपण दिवसभर जे करतो त्यात किती बारीक व्यवस्था असते ते.

आपल्याकडे अहिराणीवर काम झालेलंच नाही असं कुणी म्हणू नये, झालंय. ग्रिअर्सनने लिंग्विस्टिक सर्व्हेच्या नवव्या खंडात खान्देशीला, जिच्यात आपली अहिराणी येते, भिल्ली भाषांच्या सोबत बसवलं ती गोष्ट १९०७ ची, त्यानंतर आपल्या लोकांनी गाणी गोळा केली, ओव्या गोळा केल्या, म्हणी, कोडी, शब्दसंग्रह, लग्नातली गाणी, कानबाईची गाणी, सगळं झालं आणि ते मोलाचं आहे. २०११ च्या जनगणनेत खान्देशी या नावाखाली साडेअठरा लाखांच्या वर माणसं नोंदली गेलीत, म्हणजे भाषा काही संपायला आलेली नाही, पण भाषेतला मोठा भाग म्हणजे नुसतं एकमेकांशी बोलणं, आणि नेमकं तेच नोंदवलेलं माझ्या तरी पाहण्यात नाही. गाणं पुन्हा म्हणायला सांगता येतं. खताच्या दुकानात झालेली घासाघीस पुन्हा म्हणा असं सांगितलं की ती खोटी होते. म्हणून ती घडत असताना पकडायला लागते आणि नंतर कागदावर उतरवताना तिच्यातलं काही सांडू द्यायचं नसतं, आणि इथेच ईलान कामाला येतं.

ईलान बनवलंय नेदरलँड्समधल्या नायमेखन शहरातल्या मॅक्स प्लांक इन्स्टिट्यूट फॉर सायकोलिंग्विस्टिक्स या संस्थेने. तिथल्या लँग्वेज आर्काइव्हच्या साइटवरून उतरवून घ्यायचं, विंडोज, मॅक, लिनक्स तिन्हीवर चालतं, ओपन सोर्स आहे, नोंदणी नाही, पैसे नाही, ट्रायल संपली असा मेसेज कधी येत नाही. जगभरात संपत चाललेल्या भाषा नोंदवणारे लोक हेच वापरतात, खुणांच्या भाषेवर काम करणारेही हेच वापरतात कारण व्हिडिओ आणि लिखाण यात सोबत चालतं.

याची मूळ कल्पना एकच आहे आणि ती मला फार आवडली. प्रत्येक बोलणाऱ्याला स्वतःची वेगळी ओळ मिळते, तिला टियर म्हणतात, आणि या ओळी भुसावळच्या यार्डातल्या रुळांसारख्या एकमेकींच्या शेजारी धावतात, वरती आवाजाची लाट म्हणजे वेव्हफॉर्म, आणि सगळ्यांना वेळ एकच. आप्पा बोलताहेत तेवढ्यात जिभाऊ मध्येच बोलले तर दोन ओळींवर दोन तुकडे एकाखाली एक दिसतात, कोण कधी सुरू झालं आणि कोण कधी थांबलं ते मिलिसेकंदात. वर्डमध्ये टाइप करताना हे होत नाही. वर्डमध्ये तुम्ही एकाखाली एक ओळ लिहिता आणि वाचणाऱ्याला वाटतं की आधी हा बोलला, मग तो बोलला, सभ्यपणे, नाटकातल्यासारखं. आपल्याकडे असं कोण बोलतं सांगा बरं.

आता हा अभ्यास आला कुठून ते थोडक्यात सांगते, कारण त्याशिवाय या सॉफ्टवेअरमध्ये एवढी मरमर का करायची ते समजणार नाही. हार्वी सॅक्स नावाचा अमेरिकन समाजशास्त्रज्ञ १९६० च्या दशकात लॉस एंजेलिसच्या आत्महत्या प्रतिबंध केंद्राच्या फोन कॉलवर काम करत होता. तिथल्या लोकांना फोन करणाऱ्याचं नाव हवं असायचं आणि काही जण नाव सांगायचे नाहीत. एका कॉलमध्ये कर्मचारी स्वतःचं नाव सांगतो आणि पलीकडचा म्हणतो, मला ऐकू आलं नाही. सॅक्सचं म्हणणं असं की नावाच्या बदल्यात नाव द्यायची जी जागा होती ती त्या माणसाने एवढ्या साध्या वाक्याने टाळली, आणि तीही नाही न म्हणता. यावरून पुढे त्याने, इमॅन्युएल शेग्लॉफ आणि गेल जेफरसन यांनी मिळून संभाषण विश्लेषण ही अख्खी शाखा उभी केली. १९७४ मध्ये तिघांनी बोलायची पाळी कशी ठरते यावर लेख लिहिला, तो आजही या विषयातला पाया आहे. सॅक्स १९७५ मध्ये अपघातात गेला, चाळिशीच्या उंबरठ्यावर. आणि जेफरसनबाईंनी बोलणं लिहायची जी पद्धत केली, म्हणजे शांततेचे सेकंद कंसात, दोघं एकदम बोलले तर चौकोनी कंस, लांबवलेल्या स्वराला विसर्गासारखे टिंब, ती आज जगभर चालते.

आपल्या फोनवर बघा. अनोळखी नंबर आला की आपली माणसं काय म्हणतात, "कोन पाहिजे?" स्वतःचं नाव नाही सांगत. तीच जागा, तेच टाळणं, फक्त पद्धत खान्देशी.

आता प्रत्यक्ष काय मिळतं ते दाखवते. एका कृषी सेवा केंद्रात परवानगी घेऊन मी रेकॉर्डर ठेवला होता, खरिपाचे दिवस, युरियाची ओढाताण. त्यातला हा एवढासा तुकडा, नावं काढून टाकलीत:

गिऱ्हाईक: जिभाऊ, युरिया उना का?
दुकानदार: उना ना. [बठा.
गिऱ्हाईक: [हां. (०.४) चार गोण्या दी द्या.
दुकानदार: हां.
गिऱ्हाईक: पैसा:: कापूस गया का देसू.
(१.१)
गिऱ्हाईक: अर्धा आते देस.
दुकानदार: =हां मंग. ल्या.

म्हणजे युरिया आला का, आला ना, बसा; चार गोण्या द्या; पैसे कापूस गेला की देईन; मग अर्धे आता देतो; हां मग, घ्या. हे वाचायला पाच सेकंद लागतात आणि वाटतं की उधारी मागितली, मग अर्धे रोख द्यायचं ठरलं, झालं. पण त्या १.१ कडे बघा. दुकानदार नाही म्हणालाच नाही, काहीच म्हणाला नाही, फक्त एक सेकंदाच्या वर गप्प बसला. आणि गिऱ्हाईक त्या गप्प बसण्याला उत्तर देतोय. नकार यायच्या आधीच त्याने स्वतःची मागणी कमी केली, म्हणजे दुकानदाराला तोंडावर नाही म्हणायची वेळ आली नाही आणि गिऱ्हाइकाला ते ऐकायची वेळ आली नाही, दोघांची अब्रू राहिली. आणि मग बघा, अर्धे देतो म्हणताच दुकानदाराचं उत्तर एकदम चिकटून, मध्ये जागाच नाही, ते बरोबरीचं चिन्ह त्यासाठी. होकार लगेच येतो, नकार रेंगाळत येतो, हे या शाखेतलं मोठं निरीक्षण आहे. आणि जेफरसनबाईंनी १९८९ मध्ये मांडलं होतं की इंग्रजी बोलण्यात साधारण एक सेकंद ही शांतता सहन करायची हद्द दिसते, त्यापुढे कुणीतरी काहीतरी करतंच. आमच्या गिऱ्हाइकाने १.१ ला केलं. एका उदाहरणावरून अहिराणीचा नियम मी सांगत नाहीये, पण असे तुकडे माझ्याकडे जमा होताहेत आणि ते शोधता येतात ते ईलानमुळेच.

कारण हेच रेकॉर्डिंग मी एका ऑनलाइन ऑटोमॅटिक ट्रान्स्क्रिप्शन सेवेतून पण काढून पाहिलं, पैसे भरून, नाव घेत नाही. तिने काय दिलं? एक सलग परिच्छेद. दोघांचं बोलणं एकात एक. "हां" सगळे गायब, कारण तिच्या हिशेबाने ते कचरा. "उना" चं भलतंच काहीतरी केलेलं, "देसू" चं "देऊ" केलं, म्हणजे अहिराणीची प्रमाण मराठी करून दिली, कुणी मागितली नव्हती. आणि ती १.१ सेकंदाची शांतता, जिच्यात अख्खा व्यवहार झाला, ती तर कुठेच नाही, कारण शांततेला अक्षर नसतं ना. मीटिंगचे मिनिट्स काढायला असल्या सेवा चालतील, पण माणसांचं वागणं बघायचं असेल तर जे त्या फेकून देतात तेच आपल्याला हवं असतं. मला याचा खरंच राग आला, कारण उद्या कुणीतरी असलंच स्वच्छ केलेलं लिखाण घेऊन अहिराणी अशी आहे म्हणून सांगेल.

ईलानमध्ये शांतता मोजायची म्हणजे माऊसने लाटेवरचा सपाट भाग ओढून निवडायचा, सुरुवात, शेवट आणि लांबी वरती मिलिसेकंदात दिसते. एवढंच नाही, दोन तुकड्यांमधल्या मोकळ्या जागांचे आपोआप तुकडे बनवून देणारी सोय मेन्यूत आहे, आणि दोन ओळी जिथे एकमेकींवर येतात तिथले तुकडे वेगळ्या ओळीवर काढून देणारीही आहे. म्हणजे अर्ध्या तासाच्या गप्पांत कुठे कुठे दोघं एकदम बोलले ते एका झटक्यात समोर. हे मी आधी वहीत हाताने करायचे, कानाला हेडफोन लावून, स्टॉपवॉच घेऊन.

२००९ मध्ये दहा भाषांवर एक अभ्यास आला होता, नायमेखनच्याच लोकांचा त्यात पुढाकार, हो-नाही प्रश्नाला उत्तर यायला किती वेळ लागतो यावर. सरासरी आली साधारण २०० मिलिसेकंद, म्हणजे डोळ्याची पापणी लवते तेवढंच. जपानी सगळ्यात भरभर, डॅनिश सगळ्यात सावकाश, पण सगळ्या भाषा एकाच पट्ट्यात. गंमत अशी की तोंडातून एक शब्द काढायची तयारी करायला मेंदूला ६०० मिलिसेकंदांच्या आसपास लागतात, म्हणजे समोरचा बोलत असतानाच आपण उत्तर रचायला घेतलेलं असतं. त्या दहा भाषांत भारतातली एकही नाही. मराठी नाही, अहिराणी तर लांबच. कुणाला एमएचा प्रबंध करायचा असेल तर विषय असा समोर पडलाय, खर्च लागणार तो रेकॉर्डरचा, सॉफ्टवेअर फुकट.

वापरायचं कसं ते सांगते. मोबाइलवरचं रेकॉर्डिंग बहुतेक एमफोरए फॉरमॅटमध्ये असतं, ते आधी वेव्ह फाइलमध्ये करून घ्या, ऑडॅसिटी नावाचं फुकट सॉफ्टवेअर ते करून देतं. वेव्ह दिली की लाट दिसते आणि लाट दिसल्याशिवाय हे काम करूच नये. मग नवी फाइल, आवाज जोडायचा, ओळी बनवायच्या. ओळींना नाव देवनागरीत दिलं तरी चालतं. लिहिण्यासाठी कॉम्प्युटरचा नेहमीचा देवनागरी कीबोर्ड चालतो, जोडाक्षरं फुटत नाहीत, प्रत्येक ओळीचा फॉन्ट वेगळा ठेवता येतो.

काम दोन टप्प्यांत करा असं मी सांगेन. आधी सेगमेंटेशन मोड, यात आवाज चालू ठेवायचा आणि बोलणं सुरू झालं की एंटर, थांबलं की एंटर, काही लिहायचं नाही, फक्त तुकडे पाडायचे. एकेका माणसासाठी एकेक फेरी. मग ट्रान्स्क्रिप्शन मोड, यात तेच तुकडे तक्त्यासारखे एकाखाली एक येतात, टॅब दाबला की तेवढाच तुकडा वाजतो, लिहायचं, एंटर, पुढचा तुकडा आपोआप वाजतो. हात कीबोर्डवरून उचलावाच लागत नाही. वेग कमी करायची पट्टी आहे, आमच्याकडे दोन बाया भांडताना जे वेगाने बोलतात ते अर्ध्या वेगावर ऐकल्याशिवाय कुणालाही लिहिता येणार नाही, मग तो अहिराणीचा कितीही मोठा जाणकार असो. शेवटी ॲनोटेशन मोडमध्ये येऊन कडा नीट करायच्या, कोण नेमकं कुठे घुसलं ते. तुकडा वाजवायला शिफ्ट स्पेस, एवढा एक शॉर्टकट पाठ केला तरी निम्मं काम होतं.

वेळ लागतो, ते आधीच सांगते. बारीक लिहायचं तर एका मिनिटाला तास सहज जातो, आणि ते सॉफ्टवेअरमुळे नाही, कामच तसं आहे. म्हणून सगळं रेकॉर्डिंग बारीक लिहायच्या भानगडीत पडू नका. सगळं ढोबळ लिहा, मग जिथे काहीतरी घडतंय असं वाटतं तेवढेच तुकडे बारीक लिहा.

व्हिडिओची गोष्ट वेगळी सांगायला हवी. एकाच वेळी चार व्हिडिओ जोडता येतात, मी एकच वापरते, ओट्यावरचा. आणि त्यात मला जे दिसलं ते नुसत्या आवाजात कधीच दिसलं नसतं. आपल्याकडे निरोप घेणं ही किती लांबलचक गोष्ट आहे ते सगळ्यांना माहीत आहे. शेग्लॉफ आणि सॅक्सने १९७३ मध्ये लिहिलं होतं की बोलणं असं एकदम संपत नाही, आधी एक जण संपवायची तयारी दाखवतो, काही नवीन न बोलता नुसतं बरं, ठीक म्हणतो, दुसऱ्यानेही काही नवीन काढलं नाही तरच पुढे निरोप. आमच्याकडे ते काम "चाल मंग" करतं. नाना म्हणतात "चाल मंग", यजमान म्हणतो "बठा ना", नाना बसतात, पुन्हा पाऊस, पुन्हा कांद्याचा भाव, पुन्हा "चाल मंग".

मी पायांसाठी वेगळी ओळ बनवली. पाय कुणीकडे वळलेत, चप्पल घातली का, पायरीवर कितवा पाय आहे, एवढंच लिहायचं. आणि मग दिसलं की पहिल्या "चाल मंग" ला पाय हललेले नसतात. तोंड म्हणतंय जातो, पाय ओट्याखाली तसेच. आणि यजमानाला ते दिसत असतं, म्हणून तो बिनधास्त "बठा ना" म्हणतो. पण चपलेत पाय गेला आणि मग "चाल मंग" आलं, तर त्या वेळी माझ्याकडच्या तुकड्यांत यजमान "बठा" म्हणत नाही, तो "येत जा" म्हणतो आणि स्वतःही उठतो. म्हणजे बसा म्हणायचं की नाही हे तो शब्दांवरून नाही, पायांवरून ठरवतोय. हे दोन ओळी एकाखाली एक ठेवून पाहिलं तेव्हा मी खुर्चीतून उठले होते, खरंच सांगते. याच्यावर मला बरंच लिहायचंय पण ते इथे नको.

दुसरी एक सोय आपल्या भागासाठी फार उपयोगाची आहे. आपल्याकडे एकच माणूस एका तासात किती भाषा बोलतो बघा ना. दुकानदार गिऱ्हाइकाशी अहिराणी, मुलाच्या सरांशी प्रमाण मराठी, ट्रकवाल्याशी हिंदी, रावेर-यावलकडे गेलात तर लेवा बोली, सारंगखेडा-नंदुरबारकडे गुजराती-गुजरी आणि भिल्ली. ईलानमध्ये कंट्रोल्ड व्होकॅब्युलरी म्हणून प्रकार आहे, म्हणजे आपण एक ठरावीक यादी बनवायची, अहिराणी, मराठी, हिंदी, लेवा, आणि मग प्रत्येक तुकड्याला त्यातला पर्याय निवडायचा, टाइप करायची गरज नाही, त्यामुळे एकदा अहिराणी आणि एकदा अहीराणी असं होत नाही. मग सगळ्या फाइल्समध्ये एकदम शोधता येतं की मराठीतून अहिराणीत कुठे कुठे उडी मारली. मला असं दिसतंय की भाव बोलताना भाषा बदलते. अधिकारी माणूस दुकानात आला की प्रमाण मराठी चालू असतं, पण किंमत कमी करायची वेळ आली की दुकानदारालाही अहिराणीत ओढलं जातं, "आपलाच शेतस ना" (आपलेच आहात ना) असं, आणि एकदा दुकानदार अहिराणीत आला की भाव पाडतो. किंवा दुकानदार मुद्दाम मराठीतच राहतो आणि पाडू देत नाही.

बाहेर काढायलाही सगळे रस्ते उघडे आहेत. एक्सेलमध्ये जाईल असा मजकूर निघतो, व्हिडिओची सबटायटल्स निघतात, आणि आवाजाचा चढउतार मोजायला प्राट नावाचं ॲमस्टरडॅमच्या लोकांचं सॉफ्टवेअर आहे त्यातही पाठवता येतं. ईलानची स्वतःची फाइल म्हणजे साधा एक्सएमएल मजकूर, उद्या हे सॉफ्टवेअर बंद पडलं तरी तुमचं लिखाण उघडून वाचता येईल. आपल्या भाषेचं काम करणाऱ्याने हे बघायलाच हवं, कारण हे लिखाण वीस-तीस वर्षांनी कुणाला तरी लागणार आहे.

आता अर्धा स्टार. शिकायला जड आहे. उघडल्यावर एवढे मेन्यू आणि एवढी बटणं की नवीन माणूस घाबरतो. मेन्यू मराठीत नाहीत, मॅन्युअल जाडजूड आणि इंग्रजीत, आणि आपल्या कॉलेजांत मराठी विभागातली हुशार मुलं, ज्यांची अहिराणी माझ्यापेक्षा चांगली आहे, ती याच कारणाने बाजूला राहतात. ओळींचे प्रकार हा भाग सगळ्यात अवघड, एक ओळ दुसऱ्या ओळीची लेक असते, भाषांतराची ओळ मूळ ओळीला बांधलेली असते, हे सुरुवातीला ठरवलं नाही तर नंतर बदलणं त्रासाचं. आवाजाची फाइल ईलानच्या फाइलच्या आत नसते, फक्त जोडलेली असते, म्हणून दोन्ही एकाच फोल्डरमध्ये ठेवा आणि कुणाला पाठवताना दोन्ही पाठवा. ऑटोमॅटिक बॅकअप फाइल मेन्यूत जाऊन सुरू करून घ्या, पाच मिनिटांवर ठेवा, आपल्याकडे लाइट कधी जाईल सांगता येत नाही.

रेकॉर्डिंगबद्दल दोन शब्द, कारण आवाज खराब असेल तर ईलान काय करणार. पंख्याखाली बसू नका. मान्य आहे की मे महिन्यात जळगाव-भुसावळकडे पंखा बंद करा असं सांगणं म्हणजे छळ आहे, म्हणून संध्याकाळी अंगणात रेकॉर्ड करा. रेकॉर्डर मधोमध ठेवण्यापेक्षा दोघांना कॉलरचे दोन माइक लावले तर दोन वेगळे चॅनल मिळतात आणि कोण कधी बोललं ते लाटेतच दिसतं. दुकानात काउंटरवर रेकॉर्डरखाली घडी केलेला रुमाल ठेवा, नाहीतर प्रत्येक गोणी आपटली की धडाम.

आणि परवानगी. हा मुद्दा मी कुणालाही सूट देऊन सांगणार नाही. आवाज भरतोय हे आधी सांगायचं, कशासाठी ते त्यांच्या भाषेत सांगायचं, हो म्हणाले तरच बटण दाबायचं, आणि ते हो म्हणणंही रेकॉर्डिंगमध्ये यायला हवं. लपवून रेकॉर्डिंग केलं तर बोलणं जास्त खरं मिळेल असं म्हणणारे भेटतात, त्यांचं ऐकू नका. माणसं थोड्या वेळाने रेकॉर्डर विसरतातच. उधारी, आजारपण, भाऊबंदकी, गप्पांत सगळं निघतं, म्हणून लिहितानाच नावं बदलायची, गावांची नावं बदलायची, आणि आवाज कुणाला ऐकवायचा असेल तर ऑडॅसिटीत नावाच्या जागी बीप टाकायचा. कुणी दुसऱ्या दिवशी म्हणालं की तेवढं काढून टाका तर काढून टाकायचं, कितीही भारी तुकडा असला तरी.

ज्यांना फक्त मुलाखत लिहून काढायचीय, कोण काय म्हणालं एवढंच हवंय, त्यांनी याच्या नादी लागू नये, त्यांना वर्ड पुरेसं आहे. गाणी गोळा करणाऱ्यांना मात्र सांगेन की एकदा बघा, कारण दोन गाण्यांच्या मध्ये बाया जे बोलतात, पुढची ओळ कुणी उचलायची, कोण चुकलं, कोण हसलं, ते कुणी लिहिलेलं माझ्या तरी पाहण्यात नाही.

सुरुवात करणाऱ्यांनी टेम्प्लेट बनवून ठेवावं, ईलानमध्ये ओळींचा साचा वेगळा सेव्ह करता येतो आणि प्रत्येक नव्या रेकॉर्डिंगला तोच उघडता येतो. माझ्या साच्यात बोलणाऱ्या प्रत्येकासाठी तीन ओळी आहेत: बोलणं, त्याखाली त्याला बांधलेलं प्रमाण मराठी, त्याखाली यादीतून निवडायची भाषा. आणि सगळ्यांच्या खाली तीन सामाईक ओळी, शांतता, एकदम बोलणं, आणि शेवटची हातपाय.